कडबा सुगीत स्वस्त, उन्हाळ्यात महाग : अहिल्यानगरच्या चारा बाजारात नुकसान नेमकं कोणाचं होतं?

फेब्रुवारी उजाडला की पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेरच्या शिवारात ज्वारीची काढणी सुरू होते. कणसं खळ्यावर जातात, ताटांच्या पेंढ्या बांधल्या जातात आणि थोड्याच दिवसांत रस्त्यावर कडब्यानं भरलेले ट्रॅक्टर दिसायला लागतात. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसे येतात. कुठे सोसायटीचा हप्ता भरायचा असतो, कुठे घरात लग्न असतं, कुठे मजुरीचे पैसे थकलेले असतात.

पुढे मे महिना येतो. विहिरी तळाला गेलेल्या असतात, हिरवा चारा संपलेला असतो. अशा वेळी ज्यानं फेब्रुवारीत कडबा विकला, त्याच शेतकऱ्याला दावणीच्या गाईसाठी पुन्हा कडबा शोधावा लागतो. फरक एवढाच, की विकताना भाव पडलेला होता आणि घेताना तो चढलेला असतो.

कांद्याचे भाव पडले की बातमी होते, दुधाचे पडले की आंदोलन होतं. कडब्याच्या भावाकडे मात्र शहरात फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तरीही अहिल्यानगरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात गोठा चालणार की गाय बाजारात जाणार, हे बऱ्याचदा याच भावावर ठरतं. तो भाव कसा ठरतो, सुगीतच का पडतो आणि त्याची झळ कोणाला बसते, ते समजून घेऊया.

कडबा, सरमड, भुसकट, वाढे : कोण काय?

शहरातल्या वाचकाला सगळा चारा सारखाच वाटू शकतो. गोठ्यात मात्र प्रत्येकाचं नाव, भाव आणि काम वेगळं असतं.

कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. बाजरीच्या ताटांना सरमड म्हणतात. गव्हाचं काड बारीक झालं की त्याचा भुसा होतो. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मळणीतून भुसकट मिळतं. अकोल्याच्या डोंगरी भागात भात पिकतो, त्यामुळे तिथे पेंढा असतो. उसाच्या शेंड्याकडचा हिरवा भाग म्हणजे वाढे. मक्याची कुट्टी करून ती हवाबंद मुरवली की मुरघास तयार होतो. शिवाय बागायतदाराच्या बांधालगत लसूणघासाचा एखादा वाफा असतो.

या सगळ्यांत कोरड्या चाऱ्याचा राजा कडबाच. जनावर तो आवडीनं खातं आणि नीट रचून झाकून ठेवला तर तो वर्षभर टिकतो. म्हणूनच बाकीच्या कोरड्या चाऱ्याचे भाव बऱ्याच अंशी कडब्याच्या भावामागे चालतात. कडबा महागला की लोक सरमडाकडे आणि भुसकटाकडे वळतात, मग त्यांचेही भाव वाढतात.

एकच जिल्हा, पण चाऱ्याची गणितं दोन

अहिल्यानगर हा क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला चाऱ्याचा एकच भाव लागू होत नाही.

उत्तरेकडे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, संगमनेर या पट्ट्यात गोदावरी, प्रवरा, मुळा यांच्या कालव्यांचं पाणी आहे. ऊस, साखर कारखाने आणि संकरित गाईंचे मोठे गोठे याच भागात आहेत. दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर, नगर या तालुक्यांचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. तिथली ज्वारी बरीचशी जमिनीतल्या ओलीवर पोसते. श्रीगोंदा आणि शेवगाव या दोन्हींच्या मध्ये येतात, कालव्याखालचा भाग हिरवा आणि बाकीचा कोरडवाहू.

चाऱ्याचा व्यापार याच फरकावर उभा आहे. उत्तरेत गाई जास्त आणि ज्वारी कमी. दक्षिणेत ज्वारी आहे, पण उन्हाळ्यात पाणी नाही. त्यामुळे सुगीत दक्षिणेचा कडबा बागायती पट्ट्याकडे जातो. पाऊस दगा देतो त्या वर्षी उलटं होतं, उत्तरेचा ऊस आणि वाढे दक्षिणेकडे येतात. शेजारच्या पुणे, नाशिक, बीड, सोलापूर जिल्ह्यांतले गोठेवालेही याच बाजारात उतरतात.

सुगीतच भाव का पडतो?

पहिलं कारण सरळ आहे. सगळ्यांची ज्वारी एकाच वेळी निघते. पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते, त्यामुळे काढणीही फेब्रुवारी-मार्चच्या काही आठवड्यांत उरकते. गावात प्रत्येकाच्या शेतात पेंढ्या पडलेल्या असताना भाव चढा राहत नाही.

दुसरं कारण म्हणजे कडब्याला जागा लागते. धान्याची पोती घरात रचता येतात. कडब्याची गंज मात्र उघड्यावरच लावावी लागते, आणि मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस किंवा गारपीट झाली की कडबा भिजतो, काळा पडतो, त्याला बुरशी लागते. काळा कडबा जनावर नीट खात नाही आणि व्यापारी त्याला निम्म्या भावात मागतो. त्यात आगीची भीती असते. एक ठिणगी पडली तरी वर्षाची वैरण जळून जाते.

तिसरं कारण रोख पैशाचं आहे. ज्वारी काढायला मजूर लागतात. रब्बी ज्वारी अजूनही बऱ्याच ठिकाणी हातानं उपटली जाते. उपटणी, पेंढ्या बांधणं, कणसं खुडणं, मळणी या प्रत्येक कामाची मजुरी त्याच आठवड्यात द्यावी लागते. लहान शेतकऱ्याकडे तेवढी रक्कम साठवलेली नसते. मग व्यापारी शेतात येतो, उभ्या उभ्या सौदा होतो आणि कडबा बांधावरूनच उचलला जातो.

सुगीतला भाव कमी असतो त्याचं कारण कडब्याची किंमत कमी असते असं नाही. विकणाऱ्याला थांबता येत नाही, हे खरं कारण आहे. व्यापाऱ्याकडे शेड असते, भांडवल असतं, ताडपत्री असते. तो थांबू शकतो.

एका एकराचा हिशेब

हे आकड्यांत मांडलं की जास्त स्पष्ट होतं. पुढचे भाव समजायला सोपं जावं म्हणून धरलेले आहेत. दर वर्षी आणि दर गावात ते बदलतात.

समजा, मध्यम जमिनीच्या एका एकरात साधारण २० क्विंटल, म्हणजे दोन हजार किलो कडबा निघाला. एक पेंढी दीड किलोची धरली, तर १,३०० च्या आसपास पेंढ्या झाल्या. कडबा शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांच्या भावानं विकला जातो. तेव्हा शेतकऱ्याकडे १३ शेकडे आहेत.

घरी दोन गाई आहेत. एका गाईला रोज पाच किलो कोरडा चारा धरला, तर दोघींना मिळून दहा किलो. मार्च ते जून या चार महिन्यांसाठी १,२०० किलो, म्हणजे आठ शेकडे कडबा घरी ठेवायला हवा. पण पैशाची नड असल्यामुळे शेतकऱ्यानं दहा शेकडे विकले. सुगीचा भाव २,००० रुपये शेकडा धरला, तर हातात २० हजार आले आणि घरी उरले तीन शेकडे.

ते तीन शेकडे साधारण दीड महिन्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत संपले. पाच शेकडे विकत घ्यावे लागले. तोपर्यंत भाव ३,००० वर गेला असेल तर १५ हजार मोजावे लागले. हेच पाच शेकडे त्यानं फेब्रुवारीत १० हजाराला दिले होते. पाच हजारांचा फटका बसला आणि वाहतूक खर्च त्याहून वेगळा.

पाच हजार रुपये म्हणजे किती? दुधाला ३० रुपये लिटर धरले तर १६६ लिटर दूध. दोन्ही गाई मिळून रोज २० लिटर देत असतील, तर आठ दिवसांचं दूध फक्त हा फरक भरून काढण्यात गेलं. पेंड, औषध आणि मजुरीचा हिशेब यात धरलेलाच नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. त्याच एकरात समजा सहा क्विंटल ज्वारी झाली आणि ती ३,५०० रुपये क्विंटलनं गेली, तर धान्याचे २१ हजार होतात. १३ शेकडे कडबा सुगीच्या पडत्या भावानंही २६ हजारांचा होतो. कागदावर कडबा हे ज्वारीचं दुय्यम उत्पादन असतं. अनेक शेतकरी मात्र ज्वारी पेरतात ती मुळात कडब्यासाठीच.

तरी धान्याला हमीभाव आहे. २०२५-२६ साठी केंद्रानं मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर केला. कडब्याला असा कोणताही आधारभाव नाही. पिकातून मिळणाऱ्या पैशांचा मोठा वाटा ज्यातून येतो, तोच भाग पूर्णपणे सौद्यावर सोडलेला आहे.

शेकडा सारखा, वजन वेगळं

या बाजारात आणखी एक गोम आहे. शेकडा म्हणजे शंभर पेंढ्या, हे पक्कं. पण पेंढी केवढी, हे कुठेच ठरलेलं नाही.

एका शेतातली पेंढी दीड किलोची, तर दुसऱ्या शेतातली दोन किलोची असू शकते. भाव दोन्हीकडे २,००० रुपये शेकडा असेल, तर पहिल्या ठिकाणी किलोला साधारण १३ रुपये ३३ पैसे पडतात आणि दुसऱ्या ठिकाणी १०. त्यामुळे मोबाईलवर फिरणारे कडब्याचे भाव वाचून लगेच तुलना करता येत नाही. वजन, ओल आणि पाला किती आहे हे पाहिल्याशिवाय कडबा महाग की स्वस्त ते ठरवता येत नाही.

वाणाचाही फरक पडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी आजही दाण्याच्या आणि कडब्याच्या चवीसाठी ओळखली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं पुढे जमिनीनुसार वाण दिले. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा. या वाणांची शिफारस करताना धान्याबरोबर कडब्याचं उत्पादनही पाहिलं जातं.

हिरव्या आणि कोरड्या चाऱ्याची तुलना करतानाही लोक फसतात. शंभर किलो कडब्यात जवळपास ९० किलो कोरडा भाग असतो. शंभर किलो हिरव्या मक्यात तो २०-२५ किलो आणि चांगल्या मुरघासात ३० ते ३५ किलो असतो. बाकी सगळं पाणी. त्यामुळे किलोला चार रुपयांचा हिरवा चारा दिसायला स्वस्त असला, तरी जनावराच्या पोटात जाणाऱ्या कोरड्या भागाचा हिशेब केला की तो कडब्याच्या बरोबरीनं, कधी कधी त्याहूनही महाग पडतो. पण नुसत्या कडब्यावर दुभती गाय चालत नाही. त्यात प्रथिनं फारच कमी, तीन-चार टक्क्यांच्या आसपास असतात. दुधासाठी हिरवा चारा आणि पेंड लागतेच.

कडबा कमी का झाला?

राज्यातलं ज्वारीचं क्षेत्र गेल्या तीन दशकांत निम्म्याहून खाली आलं आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागला, तशी ताटातली भाकरी कमी झाली. पाण्याची सोय झाली तिथे ज्वारीच्या जागी ऊस आला. नगर, पारनेर, श्रीगोंदा या भागांत कांद्यानं रब्बीचं मोठं रान घेतलं. कांद्यात जोखीम मोठी असली, तरी एखादं साल साधलं तर हाती येणारा पैसा ज्वारीत कधीच येत नाही.

मजुरांचा प्रश्न वेगळाच. ज्वारी उपटणं हे अंगमेहनतीचं काम आहे. गव्हाला हार्वेस्टर मिळतो, तासाभरात एकर मोकळा होतो. ज्वारी यंत्रानं काढली तर ताटं मोडतात, चुरा होतो आणि शेकड्याचा भाव मिळत नाही. ज्या पिकाचा चारा सर्वांत मोलाचा, त्याच्या काढणीला चांगलं यंत्र नाही, अशी ही अडचण आहे.

गव्हाचंही तसंच. हार्वेस्टर वरवर कापतो, उरलेलं काड रानात राहतं. ते गोळा करून भुसा करणारं यंत्र वेळेवर मिळालं तर ट्रॉलीच्या ट्रॉली चारा निघतो. यंत्र मिळालं नाही तर पुढच्या पिकाच्या घाईत काड पेटवून दिलं जातं. एका शेतात चारा जळतो आणि शेजारच्या तालुक्यात तो विकत घेतला जातो.

मागणी मात्र वाढतच गेली

एकीकडे कडबा घटला, दुसरीकडे गोठे वाढले. अहिल्यानगर हा राज्यातल्या आघाडीच्या दूध उत्पादक जिल्ह्यांपैकी एक. पूर्वी दारात एक-दोन देशी गाई आणि बैलजोडी असायची. आता संकरित गाईंचे गोठे आहेत. अशा गाईला दूध जास्त, पण खुराकही जास्त लागतो आणि एक दिवस चारा कमी पडला तर ते संध्याकाळच्या धारेला लगेच दिसतं.

दूध उत्पादनाच्या खर्चात ६० ते ७० टक्के वाटा चारा आणि पेंडीचा असतो. चारा महागला की नफा पहिल्या आठवड्यातच संपतो. दुधाचा दर मात्र चाऱ्याच्या भावाप्रमाणे वाढत नाही. तो दूध पावडर आणि लोण्याच्या बाजारावर ठरतो.

२०२३-२४ मध्ये हेच घडलं. गाईच्या दुधाचे दर पडले आणि जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं. जुलै २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या कोतूळ इथे दूध उत्पादक धरण्यावर बसले. पुढे ३० रुपये दर अधिक ५ रुपये अनुदान आणि ऑक्टोबर २०२४ पासून २८ रुपये दर अधिक ७ रुपये अनुदान अशी रचना आली. चर्चा दुधाच्या दराची झाली, पण उत्पादकाची कोंडी दोन्ही बाजूंनी होती. दूध स्वस्त आणि चारा महाग.

वाढे आणि मुरघास : कडब्याचे दोन स्पर्धक

नोव्हेंबर ते मार्च हा गाळपाचा हंगाम. या काळात ऊसपट्ट्यात वाढे मुबलक मिळतं. प्रथेप्रमाणे ते ऊसतोड मजुरांचं असतं. सकाळी ऊस तोडायचा आणि वाढ्याच्या मोळ्या बांधून विकायच्या, त्या पैशांत रोजचा किराणा भागवायचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची हजारो कुटुंबं तोडीला जातात. त्यांच्यासाठी वाढ्याचा भाव म्हणजे रोजचा चहा, तेल आणि मीठ.

वाढे स्वस्त आहे तोपर्यंत बागायती भागातला गोठेवाला कडब्याला घाई करत नाही. कारखान्यांचे पट्टे पडले की चित्र बदलतं. मार्च-एप्रिलमध्ये वाढे संपतं आणि नेमकी तेव्हाच सगळी मागणी कडब्यावर येते. ऊस कमी असलेल्या वर्षी गाळप लवकर आटोपतं, त्यामुळे कडब्याची भाववाढही लवकर सुरू होते. शिवाय वाढ्यावरच जनावर पोसायचं म्हटलं तर त्यातल्या ऑक्झलेटमुळे शरीरातलं कॅल्शियम कमी होतं. म्हणून पशुवैद्यक ते इतर चाऱ्यात मिसळून द्यायला सांगतात.

दुसरा स्पर्धक मुरघास. गेल्या काही वर्षांत मक्याचा मुरघास गोण्यांमध्ये भरून विकण्याचा धंदाच उभा राहिला आहे. पण मक्याला आता नवा गिऱ्हाईक मिळाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, त्यानंतर इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली. दाण्याला चांगला भाव मिळणार असेल, तर मका हिरवा असताना कापून मुरघास का करायचा, असा प्रश्न शेतकऱ्यापुढे येतो. इंधनाचं धोरण असं थेट गोठ्यापर्यंत पोचतं.

पाऊस बिघडला की काय होतं?

२०१८ मध्ये राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या चारा छावण्यांमध्ये सुमारे दहा लाख जनावरं होती आणि बीड, उस्मानाबाद, सोलापूर यांच्यासह अहमदनगर हा छावण्यांचा मुख्य पट्टा होता. मे २०१९ मध्ये मोठ्या जनावरासाठी दिवसाला १०० रुपये आणि लहानासाठी ५० रुपये असं अनुदान होतं. छावणीत चारा म्हणून उभा ऊस तोडून दिला गेला. जनावरं वाचली, पण माणसांनाही त्यांच्याबरोबर महिनोन् महिने छावणीत राहावं लागलं.

२०२३ मध्ये ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि पुढे अनेक महसूल मंडळांमध्ये दुष्काळसदृश स्थिती जाहीर करण्यात आली.

२०२५ मध्ये संकट उलट दिशेनं आलं. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाडा, सोलापूर आणि अहिल्यानगरच्या दक्षिण भागात शेतं, गोठे आणि साठवलेली वैरण पाण्यात गेली. सप्टेंबर-ऑक्टोबर हाच रब्बी ज्वारीच्या पेरणीचा काळ. रानात वापसा येत नाही तोवर पेरणी करता येत नाही, आणि पेरणी फार लांबली की शेतकरी हरभरा किंवा गव्हाकडे वळतो. म्हणजे पाऊस जास्त झाला तरी कडबा कमीच होतो.

हा प्रश्न एकट्या नगरचा नाही. मार्च २०२२ च्या उष्णतेच्या लाटेनं उत्तर भारतात गव्हाचं पीक घटलं, भुसा महागला आणि त्या ऑगस्टमध्ये देशाच्या घाऊक निर्देशांकात चाऱ्याची महागाई २५ टक्क्यांवर पोचली. झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात कोरड्या चाऱ्याची तूट २३ टक्क्यांच्या, तर हिरव्या चाऱ्याची ११ टक्क्यांच्या आसपास आहे.

जिल्हाबंदीनं प्रश्न सुटतो का?

टंचाईच्या वर्षी अनेक जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालतात. हेतू साधा असतो, इथला चारा इथल्या जनावरांना मिळावा.

पण याला दोन बाजू आहेत. बंदीमुळे बाहेरचे खरेदीदार थांबतात, स्थानिक गोठेवाल्याला दिलासा मिळतो. त्याच वेळी ज्यानं कोरडवाहू रानात ज्वारी पिकवली, त्याचा भाव पडतो. बंदी सुगीच्या तोंडावर आली तर स्थानिक व्यापारी स्वस्तात कडबा भरून ठेवतात आणि उन्हाळ्यात जिल्ह्यातच चढ्या भावानं विकतात. चारा जिल्ह्यात राहतो, पण नफा पिकवणाऱ्याकडे जात नाही आणि स्वस्ताई गोठ्यापर्यंत पोचत नाही.

मग उपाय काय?

सर्वांत मोठी गरज आहे सुगीत थांबता येण्याची. धान्य गोदामात ठेवून त्यावर तारण कर्ज घेण्याची सोय बाजार समित्यांमध्ये आहे. कडब्यासाठी तशी रुळलेली सोय नाही. गावपातळीवर दूध संस्थेनं सुगीत सभासदांचाच कडबा वजनावर घ्यायचा, शेडमध्ये ठेवायचा आणि उन्हाळ्यात ठरलेल्या फरकानं सभासदांनाच द्यायचा, पैसे दुधाच्या बिलातून वळते करायचे. यात नवं शोधण्यासारखं काही नाही. दूध संस्थांकडे सभासद आहेत, हिशेब आहे आणि दर दहा दिवसांनी होणारं बिलही आहे.

केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास, चाऱ्याच्या गाठी आणि विटा तयार करणाऱ्या प्रकल्पांना ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान आहे. कडबा दाबून गाठी केल्या की जागा कमी लागते आणि वाहतूक स्वस्त पडते. पण उरलेली निम्मी रक्कम उभी करणं दोन गाईंच्या मालकाला शक्य नाही. ही योजना गट किंवा संस्थेनं घेतली तरच लहान शेतकऱ्याच्या उपयोगाची.

घरच्या घरी करता येण्यासारखं म्हणजे कुट्टी. अख्खी ताटं टाकली की जनावर पाला खातं आणि बुडखे पायाखाली तुडवतं. कुट्टी केली तर ही नासाडी बरीच कमी होते. एवढ्यावर महिनाभराचा कडबा वाचवणारे गोठे आहेत.

आणि एक उदाहरण जिल्ह्यातच आहे. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली नव्वदच्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. डोंगरावर जनावरं सोडायची नाहीत, गवत मात्र कापून न्यायचं. जोडीला पाणलोटाची कामं झाली आणि उसासारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना बंदी घातली गेली. गवत वाढलं, तसं गावचं दूध दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास होतं ते चार हजार लिटरपर्यंत गेलं. गावाचा चारा गावाच्या हातात असला की बाजारभावाची भीती कमी होते, हे तिथे दिसलं.

पुढच्या उन्हाळ्याआधी

घोडेगाव, काष्टी, लोणी या जिल्ह्यातल्या जनावरांच्या बाजारांना दूरदूरहून गिऱ्हाईक येतं. उन्हाळ्यात चारा महागला की तिथली आवक वाढते आणि गाईचे भाव उतरतात. आधी भाकड गाय विकली जाते, मग गाभण, आणि अगदीच नाइलाज झाला की दुभती. पावसाळ्यात चारा उगवतो, तेव्हा तीच गाय परत घ्यायला दुप्पट पैसे लागतात. कडब्यात जे घडतं, तेच गाईच्या बाबतीतही होतं. विकताना स्वस्त, घेताना महाग.

फेब्रुवारीत बांधावर उभा असलेला शेतकरी कडबा कितीला द्यायचा हे ठरवत असतो, तेव्हा मे महिन्यात दावणीला गाय राहणार की नाही, हेही तिथेच ठरत असतं. दुधाच्या अनुदानाची घोषणा होते, छावण्यांचे आदेश निघतात, पण ते सगळं भाव चढल्यावर. सुगीच्या त्या चार आठवड्यांत लहान शेतकऱ्याला आपले आठ शेकडे घरी ठेवता आले, तर पुढच्या चार महिन्यांतली बरीच धावपळ टळेल.